रत्नागिरीचा हिवाळा कुठल्या महिन्यात?

रत्नागिरीच्या हवामानाच्या सरासरी आकड्यांवर नजर टाकली तर एक विचित्र गोष्ट दिसते. जानेवारीत दुपारचा पारा ३१ अंशांच्या आसपास असतो आणि ऑगस्टमध्ये तो २९ च्या आसपासच अडतो. म्हणजे ज्याला आपण हिवाळा म्हणतो त्या ऋतूतली दुपार पावसाळ्यातल्या दुपारीपेक्षा गरम. फरक पडतो तो पहाटे. जानेवारीत पहाटेचा पारा १८-१९ पर्यंत उतरतो, पावसाळ्यात तो २४ च्या खाली सहसा जात नाही. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे आकडे दाखवले तर तो याला थंडी म्हणायला तयार होणार नाही. तरी रत्नागिरीतल्या शाळेतलं पोर तीन ऋतू घोकतं ते उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असेच, आणि भिंतीवरचं कॅलेंडर त्याच्यावर कडी करून हेमंत आणि शिशिर असे दोन थंड ऋतू छापतं. हा शब्द या किनाऱ्यावर आला कुठून, आणि इथे आल्यावर त्याच्या अर्थाचं काय झालं, असा हा प्रश्न आहे. या किनाऱ्यावर हिवाळ्याचं नाव एका ऋतूकडे राहिलं आणि हिवाळ्याचं काम दुसऱ्याच ऋतूकडे गेलं, असं माझं म्हणणं आहे. ज्या परदेशी खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी आपल्या पावसाळ्याला बेधडक हिवाळा म्हटलं, त्यांना भाबडे समजण्याची घाई आपण करू नये.

आधी शब्द. ‘हिमकाल’चा ‘हिवाळा’ झाला तो मराठीच्या नेहमीच्या वाटेने. ग्रामचं गांव झालं, नामचं नांव झालं, तसं हिमचं हिंव झालं. कालमधला क गळला, ल चा ळ झाला. उष्णकालाचा उन्हाळा झाला तो याच रीतीने. शेजारच्या भाषांनी मात्र दुसरा शब्द उचलला. गुजरातीत शियाळो आणि गोव्याच्या कोकणीत शिंयाळो, दोन्ही ‘शीतकाला’तून आलेले. शीत म्हणजे नुसतं गार, हिम म्हणजे बर्फ किंवा दहिवर. किनाऱ्याच्या या पट्ट्यात हिमाचं नाव लावणारी मराठी तेवढी एकटी, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मोल्सवर्थच्या कोशात ‘हिंव’ स्वतंत्र शब्द म्हणून आहे, आणि त्याचा एक अर्थ गारवा तर दुसरा अंगात भरणारी थंडी, तापातली हुडहुडी. हा दुसरा अर्थ आजही सरकारी कागदावर जिवंत आहे. मलेरियाला आपण हिवताप म्हणतो आणि जिल्ह्याजिल्ह्यात हिवताप अधिकारी असतो. कोकणातल्या माणसाच्या दातांवर दात आपटायला लावणारं हिंव शतकानुशतकं हेच होतं, आणि ते पौषात येत नसे. ते यायचं डबकी साचल्यावर, श्रावण-भाद्रपदापासून पुढे. म्हणजे शब्दाच्या पोटातली खरी थंडीसुद्धा या किनाऱ्यावर पावसाचं बोट धरून यायची.

‘हिम’ हा शब्द मुळातच इथला नाही, दूर थंड मुलखातून चालत आलेला आहे. लॅटिनमधला ‘हिएम्स’, ग्रीकमधला ‘खेइमा’, लिथुआनियनमधला ‘झिएमा’, रशियनमधला ‘झिमा’ आणि फारसी ‘जमिस्तान’ ही सगळी त्याची भावंडं, आणि सगळ्यांचा अर्थ हिवाळा. थंड प्रदेशातल्या माणसाला वर्ष मोजायचं झालं की तो हिवाळे मोजतो, कारण काढायचा असतो तो हिवाळा. बाकीचे महिने आपोआप सरतात. ऋग्वेदात दीर्घायुष्य मागताना शंभर हिम मागितले आहेत, शंभर शरदही मागितले आहेत. वर्षाला ‘हायन’ म्हणतात त्या शब्दाचंही नातं अनेक अभ्यासक हिमाच्याच कुळाशी जोडतात. पुढे याच लोकांची वस्ती पावसाच्या मुलखात पसरली आणि मोजमाप बदललं. वर्षेवरून ‘वर्ष’ आलं, पाणी देणारा तो ‘अब्द’, आणि त्याचाही अर्थ साल. मराठी म्हातारा तरुणाला दटावताना चार पावसाळे जास्त पाहिल्याचं सांगतो. चार हिवाळे जास्त पाहिल्याचं कोणी सांगत नाही. ज्या ऋतूतून तगून बाहेर पडायचं असतं त्याच ऋतूने वय मोजलं जातं, आणि मराठीत ती जागा हिवाळ्याने कधीच सोडली आहे.

इथे एक विषयांतर टाळता येत नाही. वेदकाळच्या लांबलचक हिवाळ्यावर सबंध पुस्तक लिहिणारा माणूस रत्नागिरीत जन्मला, आणि तोही ऐन पावसाळ्यात. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे त्यांचं पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झालं. वेदातल्या लांब उषा, लांब रात्री आणि अवेस्तातला दहा महिन्यांच्या हिवाळ्याचा देश यांवरून त्यांनी आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं. तो सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. पण टिळकांनी पकडलेलं एक टोक पक्कं होतं. आपल्या सर्वांत जुन्या शब्दांत अशा हिवाळ्याची आठवण साठली आहे, जो हे शब्द आज बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. रत्नागिरीच्या माणसाच्या तोंडी ‘हिवाळा’ हा शब्द असतो तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

आता परदेशी लोकांकडे वळू. सोळाव्या-सतराव्या शतकात कोकण-गोवा-मलबारच्या किनाऱ्यावर आलेले युरोपीय लोक पावसाळ्याला सर्रास हिवाळा म्हणतात. पोर्तुगीजांचा ‘इन्व्हेर्नो’ जून ते सप्टेंबर असायचा, आणि डिसेंबर-जानेवारी हे त्यांच्या लेखी ‘व्हेरांव’, म्हणजे उन्हाळा. गोव्यात १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षं काढलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने १५९६ च्या ग्रंथात हेच गणित मांडलं आहे. सह्याद्रीच्या अलीकडे हिवाळा असतो तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर उन्हाळा असतो, याचं त्याला आणि त्याच्यासारख्या अनेकांना मोठं नवल वाटायचं. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात ‘विंटर’ या अगदी घरगुती इंग्रजी शब्दाला वेगळी नोंद द्यावी लागली, कारण जुन्या प्रवाशांचा विंटर म्हणजे पावसाळा, हे त्यांच्या काळातल्या इंग्रजांना उमगेनासं झालं होतं. त्यांनी दिलेलं कारण सरळ आहे. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा तिकडच्या माणसाला पाऊस म्हणजे हिवाळा वाटणं साहजिक. अरबीतही ‘शिता’ हा एकच शब्द हिवाळ्यालाही चालतो आणि पावसालाही.

हे कारण पोर्तुगीजांना लागू पडतं, इटालियनांना पडतं, अरबांनाही पडतं. पण एक साक्षीदार या चौकटीत बसत नाही. १४७० च्या आसपास अफानासी निकितीन हा त्वेर गावचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला पोचला. त्याने लिहून ठेवलं आहे की तिथला हिवाळा ट्रिनिटीच्या सणापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास लागला, दोन महिने ते लोक जुन्नरातच हिवाळा काढत राहिले, आणि चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल होता. त्याने वापरलेला शब्द ‘झिमा’ आहे. तो आपल्या ‘हिमा’चा सख्खा भाऊ, आणि हा माणूस ज्या मुलखातून आला तिथे झिमा म्हणजे गोठलेली नदी आणि कंबरभर बर्फ. भूमध्य समुद्राकाठच्या पावसाळी हिवाळ्याची सवय त्याला नव्हती. त्याच्या देशात पाऊस पडतो तो मुख्यतः उन्हाळ्यात. तरी त्याने आपल्या जून-आषाढाला हिवाळाच म्हटलं. बिदर आणि दक्षिणेचा मुलूख फिरून तो परत निघाला तो आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून. घोड्यांची मोठी आयात होणारं हे बहमनी बंदर त्याच्या नोंदीतही मोठं आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निकितीन वर्षानुवर्षं मुसलमान व्यापाऱ्यांच्या संगतीत वावरला. त्याच्या लिखाणात तुर्की, फारसी, अरबी यांची सरमिसळ आहे, मध्येच तो प्रार्थनाही त्या भाषांत करतो. बाजारातल्या मंडळींनी पावसाळ्याला ‘शिता’ म्हटलं आणि त्याने ते रशियनमध्ये उतरवलं, असं झालं नसेल कशावरून? झालं असेलही. पण मग क्रियापदाचं काय करायचं? तो नुसतं ‘हिवाळा होता’ असं म्हणत नाही, ‘आम्ही हिवाळा काढला’ असं म्हणतो. रशियन व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ ठरलेला आहे. रस्ते बंद, माल कोठारात, माणूस आणि जनावर छपराखाली, आणि वाट मोकळी होईपर्यंत खर्च अंगावर. जुन्नरच्या धर्मशाळेत त्याने नेमकं तेच केलं. पोर्तुगीज जहाजं वाऱ्याची वेळ चुकली की मोझांबिकला किंवा गोव्याला अडकून पडत, त्यालाही त्यांचं क्रियापद ‘इन्व्हेर्नार’ असंच होतं. या सगळ्यांच्या बोलण्यात हिवाळा म्हणजे पारा उतरण्याचा काळ राहिलेला नाही. ज्या काळात हलता येत नाही, तो हिवाळा. (इंग्रजी ‘विंटर’ची व्युत्पत्ती अजून वादातच आहे. एक मत त्याला पांढऱ्या रंगाशी जोडतं, दुसरं पाण्याशी, ओलीशी. दुसरं खरं ठरलं तर आपला आषाढ हा मूळ अर्थाने अगदी अस्सल विंटर म्हणावा लागेल. पण वादातल्या गोष्टीवर भार टाकण्यात अर्थ नाही, त्यामुळे हे कंसातच राहू दे.)

आपल्या राजकारणाची आणि लढायांची भाषा हीच साक्ष देते. रोमन फौजा थंडीत ज्या तळांवर बसत त्यांना ‘हिबेर्ना’ म्हणत, म्हणजे पुन्हा तेच हिमाचं कूळ. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात बसत त्या तळाला म्हणत छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन, मृगाच्या आधी छावणी, या दोन खुंट्यांमध्ये मोहिमेचं वर्ष ताणलेलं असे. आरमाराला तर हा नियम जास्तच कडक होता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे, आणि पाऊस सुरू होण्याआधी गलबतं छावणीला न्यावीत याबद्दल त्यात मुद्दाम ताकीद आहे. लाकडी, शिडाचं जहाज नैर्ऋत्येच्या वाऱ्यात या किनाऱ्यावर टिकत नाही. वारा समुद्राकडून जमिनीकडे, लाटा खडकांकडे आणि खाडीच्या तोंडावर वाळूची दांडी. हे शहाणपण मराठ्यांच्याही आधीचं आहे. अरब नाखव्यांच्या हिशेबात वर्षाचे काही आठवडे समुद्र मिटलेला असे, आणि त्यांनी वाऱ्याच्या ठरल्या वेळेला दिलेलं ‘मौसिम’ हे नाव आपल्याकडे मोसम आणि मोसमी वारे होऊन राहिलं.

जयगड, हर्णै, दाभोळ, जैतापूर, मिरकरवाडा, कुठल्याही बंदरावर मे अखेरीला काय होत असे ते पाहिलं की हा ‘हिवाळा’ डोळ्यांसमोर येतो. होड्या आणि मचवे ओंडक्यांवरून काठावर ओढायचे, तळ खरवडून माशाचं तेल चोळायचं, वरून नारळाच्या झापांनी घरासारखं शाकारायचं. शिडं उतरवून गुंडाळून घराच्या माळ्यावर. घरात आगोटीची बेगमी चाललेली असायची. आगोट म्हणजे पावसाची सुरुवात. ती गाठायच्या आत सुकट, सुके बांगडे, मीठ, मिरच्या, चिंच, आमसुलं, कुळीथ, फणसाच्या आठळ्या, सांडगे-पापड, वाळलेली लाकडं आणि शेणी आत यायला हव्यात. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. उत्तर युरोपातला शेतकरी ऑक्टोबरात खारवलेलं मांस आणि सरपण भरून ठेवायचा, त्याच्या यादीतले पदार्थ वेगळे आणि काम तंतोतंत हेच. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला की वर्ष पुन्हा सुरू. आता मासेमारीबंदी सरकारी हुकमाने होते आणि ती जूनच्या १ तारखेपासून लागते, पण तिच्या मागे हेच जुनं गणित आहे, जरी कारण माशांच्या पैदाशीचं सांगितलं जात असलं तरी. आगबोटींनीही ते मोडलं नाही. मुंबई-रत्नागिरी-गोवा मार्गावरची बोट वाफेवर चालायची, तरी पावसाळ्यात बंद. मुंबईहून रेवसला जाण्याइतका छोटा पल्ला तेवढा पावसातही चालू असे, आणि १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट त्याच पल्ल्यावर सहाशेहून जास्त माणसं घेऊन बुडाली.

मग कॅलेंडरातल्या हिवाळ्यात रत्नागिरीत काय होतं? सगळं उघडतं. चिरेखाणीत जांभा कापायला सुरुवात होते, घरांचे पाये घेतले जातात, जत्रा भरतात, लग्नांचे मुहूर्त निघतात, पाणथळ जागी वायंगणी भात लावतात, खाडीचं पाणी निवळतं. देशावर गहू-हरभरा-शाळू या रब्बीच्या पिकांना थंडी लागते, म्हणून तिथल्या माणसाला ‘हिवाळा’ हा शब्द शेतीच्या भाषेतही उपयोगी पडतो. कोकणी शेतकऱ्याला पावसानंतरच्या पिकासाठी मोजायची असते ती जमिनीतली ओल. तो कुळीथ-पावटा टाकतो तो ओल आहे तोवर. म्हणून ‘हिवाळा’ हा शब्द घाटावरून खाली आलेला आणि इथे ‘कोरडे, मोकळे महिने’ एवढ्याच अर्थाने वापरात राहिलेला दिसतो.

या सगळ्याला सर्वांत कठीण आक्षेप आंब्याचा आहे, आणि तो बगल देण्यासारखा नाही. हापूसच्या बागायतदाराला विचारलं तर तो म्हणेल, थंडी नाही असं म्हणूच कसं शकता? पाऊस संपल्यावर झाडाला काही काळ ताण बसला आणि पहाटेचा गारवा काही दिवस टिकून राहिला, तरच काडीच्या टोकाला मोहोर फुटतो. गारवा आला नाही तर त्याच टोकाला तांबूस पालवी येते आणि त्या फांदीचं त्या साली काही खरं नाही. थंडी उशिरा आली तर मोहोर उशिरा, फळ उशिरा, आणि मार्चचा चढा भाव हातचा गेला. थंडी प्रमाणाबाहेर पडली किंवा लांबली तरी पंचाईत. मोहोरात नर फुलांचं प्रमाण वाढतं, फळ धरत नाही, आणि फळं वाटाण्या-सुपारीएवढी झाली असताना झाडाला पुन्हा मोहोर येतो. नवा मोहोर झाडाची ताकद ओढून घेतो आणि आधीची फळं गळून पडतात. ढगाळ हवा आली की तुडतुडा आणि भुरी, ते वेगळंच. म्हणजे १८ अंश आणि २२ अंश यांतला फरक, जो स्वेटर नसलेल्या माणसाला फारसा जाणवतही नाही, त्यावर जिल्ह्याचा वर्षाचा पैसा ठरतो.

आक्षेप मान्य. पण तो काय सिद्ध करतो ते नीट पाहायला हवं. इथली थंडी झाडाला मोजता येते, आणि झाडाच्या हिशेबाने ती खरी आहे. कलमांच्या बागा आणि मुंबईचा बाजार वाढत गेला तसा हा हिशेब माणसाच्या तोंडी आला, आणि डिसेंबरात ‘थंडी पडली का?’ हा प्रश्न चौकशीचा न राहता धंद्याचा झाला. लोक विचारतात तेही ‘थंडी’बद्दल. ‘हिवाळा’ पडत नाही, ‘हिंव’ पडल्याचंही आता क्वचितच ऐकू येतं. शिवाय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींनी बागायतदारांच्या हाती पॅक्लोब्युट्राझोल आलं, ज्याला बागेत सगळे कल्टार म्हणतात. पावसाळ्यातच मुळाशी आळं करून ते घातलं की पालवीची वाढ रोखली जाते आणि मोहोर लवकर काढता येतो. थंडीचं सगळं काम ते करत नाही, पण काही वाटा उचलतं. ऋतूचा एक भाग बाटलीतून देता येऊ लागल्यावर तो ऋतू किती खोलवर रुजलेला होता, याचा अंदाज येतो. बर्फाच्या देशातला हिवाळा असा बाटलीत भरता आला नसता.

आणखी एक आक्षेप भाषेचा. मराठीत पावसाळ्याला कधीच कोणी हिवाळा म्हटलं नाही, मग परक्यांच्या चुकीला एवढं महत्त्व कशाला? खरं आहे, आपल्याला तशी गरजच पडली नाही. पावसाळा हा शब्द आपल्याकडे इतका भरभक्कम आहे की बंदिवास, बेगमी, आजार, वय मोजणं, सगळं त्यानेच पेललं. परक्याकडे तो शब्द नव्हता, म्हणून त्याने आपल्या भाषेतला सर्वांत जड ऋतू उचलून तिथे ठेवला. त्याच्या निवडीतून आपल्या पावसाळ्याचं वजन कळतं. आणि वर्षाची बंद आणि मोकळे महिने अशी ही दोन ऋतूंची वाटणी जुनीपुराणी म्हणून बाजूला टाकता येत नाही. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि या मार्गाला दरवर्षी वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं. अनेक वर्षं ते १० जूनला लागू होऊन ऑक्टोबर अखेरीस उठत असे. त्या काळात गाड्यांचा वेग कमी, कापलेल्या डोंगरांखाली गस्त, आणि रत्नागिरी स्थानकावरच्या गाड्यांच्या वेळा पुढे-मागे सरकलेल्या. उरलेल्या महिन्यांसाठी दुसरं वेळापत्रक. तिसरं छापावं लागत नाही.